दानाचा हिशोब कोणाला द्यायचा?

दान दिले की विसरून जावे, या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, ही शिकवण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून देणाऱ्याने मागाहून हिशोब विचारला की तो हलका माणूस ठरतो आणि घेणाऱ्या संस्थेलाही तो अविश्वास वाटतो. मला ही समजूत धर्माच्या विरुद्ध वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी सांगताना देश, काळ आणि पात्र या तिन्हींचा विचार करायला सांगितले आहे, आणि अपात्री दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. चौकशी केल्याशिवाय पात्र कसे कळणार? कुराणाच्या नवव्या सूरेत जकात कोणाकोणासाठी खर्च करायची, याचे आठ वर्ग नेमून दिले आहेत. आपल्याकडे गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या, त्यांचे ट्रस्ट केले आणि आपल्या नातलगांचा त्या मिळकतीवर कसलाही हक्क ठेवला नाही. देणाऱ्याने सोडायची असते ती मालकी आणि नाव. आपण दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, ही काळजी सोडायला कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही.

भोपाळमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण तिथे न्याय अपुरा राहिला आणि ती जागा दानाला भरून काढावी लागली. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. 1985 च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे गेला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही पीडितांना न विचारता. त्यानंतरची गोष्ट ट्रस्टची. 1992 मध्ये कंपनीने भोपाळच्या रुग्णालयासाठी लंडनमध्ये एक धर्मादाय ट्रस्ट काढला. कंपनीच्या भारतीय शाखेतील जप्त झालेले शेअर सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 1994 मध्ये विकले गेले, त्या पैशातून भोपाळच्या करोंद भागात मोठे रुग्णालय उभे राहिले आणि 2000 मध्ये ते सुरू झाले. ट्रस्टच्या अध्यक्षपदी माजी सरन्यायाधीश अ. मु. अहमदी होते. कार्बाइडच्या भारतीय अधिकाऱ्यांवरील आरोप सौम्य करणारा 1996 चा निकाल त्यांच्याच खंडपीठाचा, त्यामुळे ही नेमणूक पीडितांच्या संघटनांना कायम खुपत राहिली. पुढे याच रुग्णालयात गॅसपीडितांवर औषध कंपन्यांच्या चाचण्या झाल्याचे उघड झाले. 2010 मध्ये रुग्णालय सरकारकडे गेले.

या ट्रस्टचा ताळेबंद पै-पैशाने जुळत होता, असे गृहीत धरू. तरीही मुख्य प्रश्न उरतोच. ज्यांच्या फुप्फुसांच्या नावाने हा निधी उभा राहिला, त्यांना विश्वस्त निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कुठे होता? हिशोब न्यायालयाला द्यायचा, सरकारला द्यायचा, आयकर खात्याला द्यायचा. कारखान्यासमोरच्या जेपी नगर वस्तीतल्या बाईला द्यायचा नाही. ऑडिटरची सही पावत्या खऱ्या आहेत एवढेच सांगते. ज्याच्यासाठी पैसा आला त्याच्या संमतीने तो खर्च झाला का, हे त्या सहीच्या कक्षेबाहेरचे आहे. आणि माझ्या मते दानाचा धर्म तिथूनच सुरू होतो.

हल्ली देणगीदार संस्था पारखतात ती बहुधा एका आकड्यावरून: प्रशासनावर किती टक्के गेले? आकडा लहान असला की संस्था चांगली. हे माप फार तोकडे आहे. भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन गॅसपीडित कार्यकर्त्यांना 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. गॅसपीडित आणि दूषित पाणी प्यायलेल्या आईबापांच्या अपंग मुलांवर तिथे मोफत उपचार होतात. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल मान धरायला लागेपर्यंत महिनोन्महिने जातात. रोज तोच फिजिओथेरपिस्ट, तीच सतरंजी, तेच हात. मुलाला घरून आणायला गाडी जाते, कारण आई रोजंदारीवर असते. हिशोबाच्या वहीत याचे काय दिसते? मानधन, डिझेल, गाडीची दुरुस्ती. वरवर पाहणाऱ्याला सगळा ‘वरखर्च’ वाटेल, पण मूल बसायला शिकते ते याच खर्चावर. जकातीच्या त्या आठ वर्गांत ती गोळा करणाऱ्या आणि वाटणाऱ्या माणसांचा मेहनतानाही धरलेला आहे. दान पोहोचवायला माणूस लागतो आणि त्यालाही पोट असते, हे तिथे स्वच्छ मान्य केले आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्याचे नियमसुद्धा रुग्णालयातील डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. हिशोबाची मागणी हे आज सत्तेच्या हातातले शस्त्र झाले आहे. परदेशी देणग्यांच्या याच कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, दिल्लीतील एकाच बँक शाखेत खाते उघडणे सक्तीचे केले आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देण्यावर बंदी घातली. प्रदूषणाविरुद्ध बोलणाऱ्या संस्थेला कागदात अडकवणे यामुळे सोपे होते. अशा वेळी आपणही हिशोब मागायचा म्हणजे त्याच हातांना बळ द्यायचे नाही का? भीती खरी आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. जी संस्था फक्त वरच्यांना हिशोब देते, तिच्यावर वरून घाव आला की तिच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. जिचा जमाखर्च वस्तीतल्या माणसांना तोंडपाठ आहे, तिच्यासाठी वस्ती उभी राहते. बैरसिया रोडवरचा संभावना दवाखाना 1996 पासून गॅसपीडितांवर मोफत उपचार करत आला आहे, आणि त्याचा बराचसा पैसा ब्रिटनमधल्या छोट्या देणगीदारांकडून आला. त्या देणगीदाराला छापील अहवाल मिळतो, ते योग्यच. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाचा हक्क त्याच्याहून कमी नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही गरीब माणसे, त्यांना ताळेबंद काय कळणार? ज्या गॅसपीडितांना 1990 पासून महिना 200 रुपये अंतरिम मदत मिळाली आणि पुढे बहुतेकांच्या वाट्याला आलेल्या 25,000 रुपयांच्या भरपाईतून तीच रक्कम कापून घेतली गेली, त्यांना जमा आणि वजा कोणी शिकवायला नको. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराणा येथे पहिली जनसुनावणी घेतली आणि गावाच्या कामांचे हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले. न शिकलेल्या माणसांनी खोट्या नोंदी तिथल्या तिथे पकडल्या. माहिती अधिकाराची चळवळ त्यातूनच वाढली. जे रस्त्याच्या हिशोबाला जमले, ते दवाखान्याच्या हिशोबाला न जमण्याचे कारण नाही.

भोपाळच्या कारखान्यातला 337 टन कचरा 2025 मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला गेला, पण जमिनीत आणि पाण्यात मुरलेले विष तिथेच आहे. म्हणजे भोपाळच्या नावाने पैसा यापुढेही गोळा होणार आणि तो व्हायलाच हवा. तुम्ही देणार असाल तर 80 जी ची पावती जरूर घ्या, ऑडिट अहवालही मागा. पण त्याआधी संस्थेला एक पत्र लिहा आणि विचारा: हा हिशोब तुम्ही वस्तीत, हिंदी-उर्दूत, शेवटचा कधी वाचून दाखवला? आणि वाचून दाखवला नसेल, तर या वर्षी तो वाचावा अशी अट तुमच्या देणगीला घाला.