पूर्वजांचा शोध कशासाठी?



शाळेत जाणारे मूल एखाद्या संध्याकाळी वही घेऊन बसते आणि विचारते, "आपल्या पणजोबांचे नाव काय? आणि त्यांच्या वडिलांचे?" गुरुजींनी वंशावळ काढून आणायला सांगितलेली असते. बापाचे नाव येते, आजोबांचे येते. पणजोबांपाशी येऊन मात्र सारे घर गप्प होते. आजीला एवढेच आठवते की, ते लोक भाताची शेती करीत, राब भाजीत आणि कुणीतरी एकजण पटकीच्या साथीत गेला. त्यापुढे मुलाची पेन्सिल चालत नाही.

हा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांच्या घरी घडला असेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणारी आपली काही कुटुंबे इथल्याच मातीतली आहेत, तर काही कोकणातून, घाटावरून आणि मराठवाड्यातून रेल्वेच्या व कारखान्यांच्या कामासाठी आलेली आहेत. बहुतेकांचे मूळ शेतात आहे. कुणी दुसऱ्याच्या शेतावर राबले, कुणी कूळ म्हणून कसले, कुणी वतनाच्या तुटपुंज्या हाडकी-हाडोळ्यावर जगले. त्या माणसांची नावे कोठे सापडतील, हा एक प्रश्न. पण त्याहून अवघड प्रश्न असा की, आपण आता बौद्ध झालो, मग ती नावे शोधावीत तरी कशाला?

याची दोन उत्तरे आपल्यात ऐकू येतात. एकजण म्हणतो, "दीक्षेने जुने सारे संपले. त्या कागदांत अपमानाखेरीज काही नाही. ते फाडून टाका." दुसरा म्हणतो, "शोधा, खोल शोधा, आपण मुळात फार मोठ्या घराण्यातले होतो हे सिद्ध करू." ही दोन्ही उत्तरे आपण तपासून पाहिली पाहिजेत.

प्रथम कागदांची स्थिती काय आहे ते पाहू. इंग्लंडमध्ये एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या वंशजाला 1841 पासूनच्या खानेसुमारीच्या याद्यांत आपल्या पूर्वजाचे नाव मिळते. चर्चच्या दफनवहीत तो कोणत्या दिवशी पुरला गेला तेही मिळते. आपल्याकडे पहिली खानेसुमारी 1872 साली झाली आणि साऱ्या देशात एकाच वेळी घेतलेली पहिली खानेसुमारी 1881 साली झाली. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात नऊ लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली. तुमचे-आमचे पणजोबा त्या नऊ लाखांत आहेत, पण त्यांचे नाव नाही. आकडे काढून झाल्यावर घरोघरच्या याद्या नष्ट करण्यात आल्या. मागे उरले ते तक्ते; अमुक जात, अमुक डोकी. माणूस बेरजेत शिल्लक राहिला, नावाने राहिला नाही.

दफनाच्या नोंदींची कथा वेगळी नाही. ठाणे-साष्टीच्या ख्रिस्ती वस्तीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवण्याचा चर्चचा नियम आहे. कंपनीच्या अंमलदारांच्या थडग्यांवर नाव, हुद्दा, तारीख कोरलेली असते. आपली माणसे मात्र गावकुसाबाहेरच्या मसणवट्यात मातीआड झाली. वर दगड ठेवला तो कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्यावर लिहायला अक्षर येत नव्हते, कारण अक्षर येऊ दिले गेले नव्हते.

तरीही सर्वच पुसले गेलेले नाही. आज तुमच्या नावावर किंवा भाऊबंदांच्या नावावर गावी गुंठाभर जमीन असेल तर सातबाऱ्यावरून मागे जाता येते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढला की कोण मेले, वारस कोण लागले हे कळते. त्यावरून त्याआधीचा फेरफार, मग जुने हक्कपत्रक असे पायरी-पायरीने मागे जाता येते. वतनाची जमीन असेल तर 1874 च्या वतन कायद्याखालील कागद आणि ती वतने रद्द करणाऱ्या 1958 च्या कायद्यानंतरचे कागद तपासावेत. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले होते, ते याच जमिनीच्या तुकड्याने माणसाला बांधून ठेवले होते म्हणून. कूळ असाल तर 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाच्या आसपासचे फेरफार पाहावेत. कुळांच्या मालकीची सुरुवात तेथून होते.

दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गावच्या जन्ममृत्यूची वही, गाव नमुना चौदा. ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळते. त्यात मेलेल्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण लिहिलेले असते. पटकी, देवी, ताप, 1896 नंतर प्लेग. जुनी पाने मोडीत असतात. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. पूर्वजांच्या नावापुढे 'नाक' लागलेले दिसेल. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांतही हाच 'नाक' आहे. कोतवाल बुकात मुलगी जन्मली तर पुष्कळदा बापाच्या नावापुढे नुसते 'मुलगी' एवढेच लिहिलेले असते. हे सारे तपासायला चिकाटी लागते, पण पैसा फारसा लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, तुम्ही ते पान काढले. मोडी जाणणाऱ्याने वाचून दाखवले. तुमच्या खापरपणजोबांचे नाव पहिल्यांदाच तुमच्या कानावर पडले, आणि त्या नावाला लागूनच जातीचा शब्द आला. तुमची मान खाली जाते. का जाते? तो शब्द त्या माणसाने स्वतः उच्चारून लिहिला होता काय? लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. नांगर, बी, घाम ही त्या माणसाची कृती. तो शब्द ही लिहिणाऱ्याच्या समाजाची कृती. धम्म आपल्याला कर्म कर्त्याच्या पदरात टाकायला शिकवतो. मग दुसऱ्याच्या कर्माची लाज आपण आपल्या आजोबांच्या पदरात का बांधतो?

अमेरिकेत 1850 आणि 1860 साली गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. मालकाचे नाव लिहिले जाई. त्याखाली गुलामाचे वय, लिंग व रंग. नाव बहुधा नाहीच. 1870 च्या खानेसुमारीत मुक्त झालेल्या काळ्या माणसांची नावे सर्वत्र प्रथम लिहिली गेली. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारी त्यांची नातवंडे आजही 1870 पाशी येऊन अडखळतात. पण म्हणून ती त्या जुन्या याद्या जाळून टाकीत नाहीत. मालकाच्या अपराधाचा तो पुरावा आहे, हे त्यांना कळते. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तो हे नाते ओळखूनच.

तेव्हा कागद फाडा म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की, पुरावा फाडल्याने अन्याय नाहीसा होत नाही. अन्याय करणारा तेवढा निर्दोष ठरतो. शिवाय आपण चौथे शील घेतले आहे. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील स्वतःच्या घराण्यालाही लागू आहे. व्यवहाराचा भागही विसरू नका. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ते 1990 साली कायदा दुरुस्त झाल्यावर मिळाले. आज मुलाच्या जातपडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बापाने लाजेने टाकलेला कागद मग मुलाला दारोदार हिंडून शोधावा लागतो. ही वेळ आपल्यावरच आली आहे असेही नाही. 2023 साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामापासून कित्येक मराठा शेतकरी कुटुंबे जुन्या दप्तरांत 'कुणबी' हा एक शब्द शोधीत आहेत.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. मोठे घराणे शोधून काढण्याचा मोह पहिल्यापेक्षा अधिक फसवा आहे, कारण तो स्वाभिमानाचे कपडे घालून येतो. पण राजाच्या वंशाचे असल्याने माणूस मोठा ठरतो हे एकदा मान्य केले, की महारा-मांगाच्या वंशाचा असल्याने तो लहान ठरतो हेही मान्य करावे लागते. तराजू तोच, आपण फक्त पारडे बदलले. तथागत बुद्ध कपिलवस्तूत भिक्षेला निघाले तेव्हा शुद्धोदनाला वाईट वाटले. आपल्या राजकुळात कुणी भीक मागितली नाही, असे तो म्हणाला. तथागतांनी उत्तर दिले की ते कुळ राजाचे. आपले कुळ बुद्धांचे. ज्याच्याकडे खरोखरच राजकुळ होते त्याने ते बाजूला ठेवले. मग आपण नसलेले राजकुळ का शोधत बसावे?

येथे एखादा जाणता उपासक विचारील, "मग कुळ बाजूलाच ठेवायचे तर शोध तरी का घ्यायचा? श्राद्ध आणि पिंडदान सोडल्याची प्रतिज्ञा आपण केली आहे. मेलेल्यांशी आता काय देणेघेणे?"

हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला मुलाची कर्तव्ये सांगताना कुलपरंपरा राखणे, वारशाला पात्र होणे आणि गेलेल्यांच्या नावे दान देणे यांचा समावेश केला आहे. यात विसंगती नाही. श्राद्धामागे समजूत अशी की मेलेला भुकेला आहे आणि आपण दिलेला गोळा त्याला पोचतो. शोधामागे अशी समजूत नसते. मेलेल्याला काही पोचत नाही. पोचते ते आपल्याला. आपण जे आहोत ते कोणत्या कारणांनी झालो हे कळते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे धम्माचे मर्म आहे. आपली गरिबी, आपले स्थलांतर, आपली जिद्द यांची कारणे देवाच्या इच्छेत शोधायची नाहीत, गेल्या जन्मीच्या पापातही नाहीत. ती फेरफारात, सावकाराच्या खतात आणि कोतवाल बुकात शोधायची. पूर्वजन्माचे पाप म्हणून जे आपल्या माथी मारले गेले, ते जमिनीच्या कागदात कुणाची तरी सही होऊन सापडते.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ती करणाऱ्याला ती रोजच्यासारखी एक ओळ वाटली असेल. 2017 पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या ओळीला मोल आले ते जन्मामुळे आलेले नाही. त्या मुलाने पुढे जे केले त्यामुळे आले.

आणखी एक नोंद सांगतो. ठाण्याच्या पलीकडच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथल्या ब्राह्मी लेखांत आपल्याच कल्याणच्या माणसांची नावे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान केली. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. त्यांचे खापरपणजोबा कोण हे कुणी लिहिले नाही. त्यांनी काय दिले ते लिहिले. पाणी दिले, वाट दिली. माझ्या मते बौद्धाची वंशावळ अशी असावी.

यास्तव माझी विनंती अशी. शोध अवश्य घ्या. सापडेल ते आहे तसे ठेवा, लपवू नका, फुगवू नका. जातीचा शब्द आला तर मुलाला सांगा की हा शब्द लिहिणाऱ्याचा आहे. नाव सापडले नाही तर भाटाकडून विकत घेऊ नका; ती जागा रिकामी ठेवा. ती रिकामी जागाही इतिहासच सांगते.

आणि एक नवी वही आजच करा. त्यात आजीचे नाव 'कोम' म्हणून लिहू नका, तिचे स्वतःचे नाव लिहा. तिच्या आईचे नाव विचारून घ्या, उद्या विचारायला आजी नसेल. प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय केले ते लिहा: बांध घातला, विहीर खणली, गिरणीत उभी राहिली, मुलीला शाळेत घातले. 1951 च्या खानेसुमारीत साऱ्या महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 मध्ये ते सुमारे अठ्ठावीस लाख झाले. ती संख्या जन्माने वाढली नव्हती. लाखो माणसांनी दारात आलेल्या गणकाला स्वतःच्या तोंडाने सांगितले म्हणून ती वाढली. ज्यांचे नाव आजवर दुसऱ्यांनी लिहिले त्यांनी प्रथमच स्वतः काय लिहावे ते सांगितले. आता जातीची गणनाही होणार असलेली 2027 ची जनगणना येत आहे. गणक पुन्हा दारात येईल, तेव्हा विचारपूर्वक आणि खरे उत्तर द्या.

पेन्सिल अडलेल्या त्या मुलाला आज एवढेच सांगा की, बाळ, पणजोबांचे नाव अजून सापडले नाही, पण ते पावसात भाताची लावणी करीत होते आणि त्यांनी आपल्याला जगवले. रविवारी आपण तहसीलदार कचेरीत लागणाऱ्या अर्जाचा मसुदा करू आणि सोमवारी तो देऊन येऊ.

जय भीम.