आवडत्याचे नावडते

एखाद्या कलावंतावर आपले प्रेम आहे असे म्हणणे फार सोपे असते. कारण ते म्हणताना आपल्या मनश्चक्षूंपुढे त्याच्या उत्तमोत्तम कृतीच उभ्या असतात. खरा प्रश्न पुढेच निर्माण होतो. ज्याच्या दहा कृतींनी आपल्याला आयुष्यभर पुरेल एवढा आनंद दिला, त्याच्या अकराव्या, न साधलेल्या कृतीविषयी आपले काही कर्तव्य असते काय? वरवर पाहता हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न वाटतो, आणि अभिरुचीच्या प्रांतात कर्तव्याला शिरकाव नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

केवळ तत्त्वाच्या भाषेत बोलत राहिल्यास विषय हवेतच राहील. म्हणून मुंबईच्या रसिकांना जवळचे असे एकच उदाहरण घेऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे सर्वांचे बालगंधर्व, यांनी १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणेशराव बोडस यांच्या साहाय्याने गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तत्पूर्वीच, १९११ मध्ये, किर्लोस्कर मंडळीत असताना 'मानापमान' नाटकातील त्यांच्या भामिनीने महाराष्ट्राला वेड लावले होते. त्यामागून १९१६ साली 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आली व १९१९ साली 'एकच प्याला'तील सिंधू आली. या तिघींविषयी कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रवासाविषयी. १९२० चे 'द्रौपदी', १९२६ चे 'मेनका', भजनांकडे झुकलेली नंतरची नाटके, १९३५ चा प्रभात कंपनीचा 'धर्मात्मा' आणि १९३७ चा 'साध्वी मीराबाई' हे चित्रपट यांचे काय करावयाचे? बालगंधर्वांना ऐन बहरात रंगभूमीवर पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. पण गिरगावात काय किंवा दादरला काय, गाण्याची आवड असलेली चार माणसे एकत्र जमली, की हा वाद आजही ऐकू येतो. तो आजोबांकडून नातवाकडे आला आहे, आणि मूळ अनुभव नाहीसा झाला तरी त्याची धार मात्र फारशी बोथट झालेली नाही.

या वादात एक पक्ष म्हणतो, की थोरवी शिखरावरून मोजावी, दरीवरून नव्हे. 'स्वयंवर' ज्याने दिले, त्याने पुढे काय केले याची चौकशी करणे हा कृतघ्नपणा आहे. पडत्या काळातील गोष्टी झाकून ठेवणे हाच सभ्यपणा. हे म्हणणे ऐकावयास मोठे उदार वाटते. परंतु ते एक गोष्ट गृहीत धरते. ती ही, की शिखर कोणते आणि दरी कोणती हे आपण स्वतः पाहून ठरविले आहे. वास्तविक तसे घडलेले नसते. नाट्यगृहात 'वन्समोअर'च्या गजरात कितीतरी वेळ फुलत जाणारे पद ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावे लागे. जे पद त्या चौकटीत मावले ते घरोघरी पोहोचले. जे मावले नाही, त्याची कीर्ती ऐकणाऱ्यांबरोबरच संपली. नाटकातील अभिनय, दोन पदांमधील गद्य, नटाने साधलेला एखादा विराम, यांतील काहीच त्या तबकडीत आले नाही. तेव्हा आज आपण ज्याला आपली निवड म्हणतो, तिच्यात यंत्राच्या मर्यादेचा वाटा मोठा आहे. शिवाय 'द्रौपदी'विषयी जो प्रतिकूल ग्रह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो बहुतांशी तिच्या खर्चाविषयीचा आहे. मयसभेचा थाट, भरजरी वस्त्रे, डोळे दिपविणारी नेपथ्यसामग्री यांपायी मंडळी कर्जात बुडाली, ही हकीकत एवढी प्रसिद्ध आहे, की नाटकाचे नाव निघताच माणसे गाण्याऐवजी आकड्यांविषयी बोलू लागतात. कर्जाचा हिशेब खरा आहे. पण त्यावरून द्रौपदीचे गाणे चांगले होते की वाईट, हे कसे ठरावे?

दुसरा पक्ष भक्तांचा. त्यांच्या लेखी गंधर्वांच्या मुखातून निघालेला प्रत्येक स्वर प्रसादच. आणि प्रसादाची चव पाहावयाची नसते. हे प्रेम खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या प्रेमाचे फळ काय होते, तेही पाहिले पाहिजे. बालगंधर्व साठीच्या घरात आले तरी त्यांच्या अंगावरचा शालू उतरला नाही. गळा पुष्कळसा शाबूत होता. शरीर मात्र वयाच्या नियमाला अपवाद राहिले नव्हते. तरीही प्रेक्षक येत, डोळे मिटून ऐकत, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांपाशी हळहळत. नाट्यगृहात टाळी आणि रस्त्यावर हळहळ, अशी ही दुहेरी वागणूक होती. द्रव्याची निकड आणि रंगभूमीची ओढ यांमुळे त्यांना थांबवत नव्हते, हे खरे. पण ज्या प्रेक्षकांनी चाळीस वर्षे त्यांना डोक्यावर घेतले, त्यांतील किती जणांनी त्यांच्यापाशी खरे बोलण्याचे धैर्य दाखविले असेल? सर्वच गोड मानून घेणारा रसिक कलावंताचा आरसा काढून घेतो. आणि आरसा नसलेल्या माणसाला आपल्या मुखावरील सुरकुत्या दिसत नाहीत, म्हणून त्यालाच दोष देणे हा न्याय नव्हे.

तिसराही एक पक्ष आहे. तो संख्येने लहान, पण आवाजाने मोठा. जे सर्वांना आवडते ते आपल्याला आवडणे या मंडळींना कमीपणाचे वाटते. 'स्वयंवर' काय, कोणीही वाखाणील. खरा मर्मज्ञ तो, जो 'मेनके'तील एखाद्या विस्मृत पदावर मान डोलावील! या पक्षाचा विचार थोडक्यात आटोपणे बरे. तो नावडत्या कृतीचा कैवार घेतो. पण त्या कृतीसाठी नव्हे, तर स्वतःचे वेगळेपण मिरविण्यासाठी. उद्या तेच पद घराघरात वाजू लागले, तर हा पहिल्याने त्याचा त्याग करील.

या तिन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे. कृती फसली असेल तर ती कलावंताची फसली, असे सर्वच धरून चालतात. आपण, म्हणजे श्रोते, केवळ निकाल देण्यासाठी बसलेलो आहोत, अशी प्रत्येकाची समजूत असते. मला वाटते, वादाचे मूळ या समजुतीतच आहे.

कारण गंधर्व मंडळीच्या इतिहासात प्रेक्षक हा कधीच नुसता साक्षीदार नव्हता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. प्रयोगापूर्वी मुंबईत दोन तट पडले होते, व आपला नट दुसऱ्याला जिंकणार या ईर्ष्येने लोक तिकिटांवर तुटून पडले होते. रंगमंचावर दोघे कलावंत एकमेकांना सांभाळून घेत होते; चुरस होती ती मुख्यतः खाली, खुर्च्यांत बसलेल्यांची. तीन महिन्यांतच केशवराव निवर्तले. प्रेक्षकांच्या हट्टाची शक्ती केवढी असे, हे ध्यानात यावे म्हणून ही आठवण दिली. याच प्रेक्षकाने जुनी पदे पुनःपुन्हा मागितली. नव्या नाटकात जुन्या सुखाची प्रतिकृती सापडली नाही की तो कष्टी होई. त्यानेच अस्सल जरीचे व अत्तराच्या सुगंधाचे कौतुक केले, आणि त्या हौसेपायी मंडळी कर्जात रुतली तेव्हा उधळपट्टीबद्दल नाक मुरडले. त्या कर्जापायी बालगंधर्वांनी नादारी पत्करली नाही. खेळावर खेळ करून ते फेडीत राहिले. ते खेळही पुष्कळसे त्याच जुन्या नाटकांचे. कारण हमखास गर्दी त्यांनाच होई. म्हणजे नव्याचे धाडस महागात पडले म्हणून जुने उगाळावे लागले, आणि जुने उगाळतात म्हणून पुढे तेच प्रेक्षक त्यांना दूषण देऊ लागले.

'धर्मात्म्या'ची कहाणी तर याहून बोलकी आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या या नटाने स्त्रीवेष उतरवून संत एकनाथांची भूमिका स्वीकारली. वयाला शोभणारी, विषयाने गंभीर, नव्या माध्यमातील ही भूमिका होती. त्यांना वेळीच पुरुषभूमिकेकडे वळावयास हवे होते, असे जे पुढे म्हणत राहिले, त्यांनी खरे म्हणजे या प्रयत्नाचे स्वागत करावयास हवे होते. परंतु प्रेक्षकांना रुक्मिणी हवी होती. एकनाथ पाहून ते अवघडले. बालगंधर्व प्रभातमध्ये रमले नाहीत, याला त्यांच्या स्वभावाची व त्या माध्यमाच्या शिस्तीची कारणेही होती. सर्व भार प्रेक्षकांवर टाकणे सत्याला धरून होणार नाही. तथापि बदलला तर आमचा राहिला नाही, आणि न बदलला तर केविलवाणा झाला, अशा कात्रीत आपण आपल्या सर्वांत लाडक्या नटाला पकडले होते, एवढे तरी कबूल केले पाहिजे.

येथे एक सयुक्तिक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "आवड ही आज्ञेने उत्पन्न होत नाही. मला 'मेनका' भावली नाही, तर ती भावावी असे कर्तव्य माझ्यावर कोण लादणार?" आक्षेप बरोबर आहे. प्रेम हे देणे म्हणून वसूल करता येत नाही. पण आवडणे आणि दखल घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आवड आपल्या स्वाधीन नाही. कान देणे मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे. घरातील वडील माणसाचा स्वभाव उतारवयात बदलला, तर तो आपल्याला प्रिय वाटलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण त्याचे बोलणे पुरते ऐकून न घेता 'पूर्वीचे दादा राहिले नाहीत' असे म्हणून उठून जाणे हा अन्यायच आहे. कलावंताच्या न साधलेल्या कृतीचे आपल्यावर जे ऋण असते, ते एवढेच. त्याने काय साधू पाहिले हे आधी समजून घ्यावे, मग कोठे चुकले ते निर्भीडपणे सांगावे, आणि त्या चुकण्यात आपला हात किती होता हेही त्याच हिशेबात मांडावे.

अशी वृत्ती अशक्य नाही, हे दाखविणारी उदाहरणे आपल्याकडे आहेत. गिरगावात प्रा. देवधरांच्या हाताखाली तयार झालेले कुमार गंधर्व हे ख्यालगायक. त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा एक संपूर्ण कार्यक्रम बांधला आणि त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या नावातील 'मला' हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. त्यांनी नक्कल केली नाही आणि मूर्तिपूजाही केली नाही. एका स्वतंत्र गायकाने दुसऱ्याचे गाणे नव्याने समजून घेतले व स्वतःच्या गळ्यातून मांडले. ते पटले नाही असे म्हणणारे श्रोतेही होते. पण त्यांनाही मूळ पदे पुन्हा ऐकावी लागली. याहून अधिक उपकार कोणत्या स्तुतीने झाले असते?

दुसरे उदाहरण संग्राहकांचे. १९९० साली मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांनी आपली एक संस्था स्थापन केली. संग्राहकाचा धर्म असा, की लाखेची तबकडी हाती आली म्हणजे तिच्यावरील गाणे लाडके की दुर्लक्षित हे पाहून ती पुसावयाची नसते. दोन्ही सारख्याच ठिसूळ, दोन्ही हातातून निसटल्या तर सारख्याच फुटतात. संग्राहकालाही आवडनिवड असते, पण जतन करताना तो ती बाजूला ठेवतो. सामान्य रसिकाकडून एवढी अपेक्षा नाही. परंतु मत देण्यापूर्वी ऐकावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले. त्यांना आता आपल्या स्तुतीची गरज नाही आणि निंदेचे भय नाही. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या हिताचा राहिलेला नसून आपल्या सवयीचा राहिला आहे. कारण आज गाणारे, लिहिणारे, नाटके करणारे जे कलावंत आपल्याला प्रिय आहेत, त्यांच्याशीही आपण याच सवयीने वागत असतो. त्यांनी पहिल्या यशाची पुनरावृत्ती केली की आपण कंटाळतो, आणि वेगळी वाट धरली की पाठ फिरवितो. आपल्याला आवडलेल्या कृतींनी आपल्याला श्रीमंत केले. न आवडलेल्या कृतींसाठी कलावंताने स्वतःचे भांडवल वेचले. यापुढे कोणी 'द्रौपदी'चा विषय काढला, तर प्रथम ती ऐकली आहे काय, असे त्याला आणि स्वतःलाही विचारावे. ऐकून ती नावडलीच, तर तसे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही.