हत्याराचे पाप

दसऱ्याला आपण हत्यारांना झेंडूची माळ घालतो. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर, छापखान्याचे यंत्र आणि एखाद्या जुन्या घराण्यातली तलवार, साऱ्यांना एकच हळदकुंकू. ह्या पूजेमागची समजूत उघड आहे : हत्यार निर्दोष असते, पापपुण्य ते धरणाऱ्या हाताचे. समजूत मोठी सोयीची आहे. ती कितपत टिकते, हे एका विमानाच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

१९३७ च्या जुलैत चीनमध्ये युद्ध पेटले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानी लष्कराने मित्सुबिशी कंपनीकडे एका विमानाची मागणी केली. पायदळाच्या मागोमाग जाणारे, आघाडीलगतच्या ओबडधोबड मैदानावरून उडणारे आणि अगदी खाली येऊन मारा करणारे असे ते हवे होते. १९३९ मध्ये ते तयार झाले. जपानी गणनेने ते वर्ष २५९९, म्हणून त्याचे नाव ‘९९ प्रकारचे हल्ला विमान’. लष्कराच्या वहीत ‘की-५१’. दोस्तांनी त्याला ‘सोनिया’ म्हटले. (शत्रूच्या बाँबफेकी विमानांना बायकांची नावे द्यायची त्यांची रीत होती, त्यात बायकांचा अपराध काय, कोण जाणे!) दोन माणसांचे हे विमान, चाके पोटात न घेता बाहेरच ठेवलेली, बाँब अवघे दोनशे किलो, वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. तरीही १९४५ पर्यंत अशी २,३८५ विमाने बांधली गेली.

परंतु माझे मन अडते ते एका बारीकशा तपशिलावर. इंजिनाखाली आणि वैमानिकाच्या बैठकीखाली सहा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा बसवलेला होता. त्या काळच्या जपानी विमानांत इतकी काळजी विरळाच. नकाशा काढणाऱ्या अभियंत्याला खालून गोळी येणार हे ठाऊक होते आणि वरून काय जाणार हेही ठाऊक होते. पहिल्यासाठी त्याने पत्रा घातला. दुसऱ्यासाठी त्याच्या कागदावर फक्त वजनाचा रकाना होता. कोणाचा जीव राखायचा आणि कोणाचा घ्यायचा, हा निवाडा वैमानिक आत बसण्यापूर्वीच लोखंडात उतरलेला होता. मग ते लोखंड निर्दोष कसे म्हणावे?

पुढची गोष्ट अधिक विदारक. युद्धाच्या शेवटी ह्याच विमानांना २५० किलोंचा बाँब बांधून, जाणाऱ्याने परतू नये अशा बेताने, शत्रूच्या जहाजांवर धाडण्यात आले. ज्याला वाचवण्यासाठी पत्रा बसवला, त्यालाच बाँबचा एक भाग करून टाकले.

येथे कोणी म्हणेल, हा जपानी सरदारांचा दोष, यंत्राचा नव्हे. तेच यंत्र चांगल्या हाती दिले असते तर? योगायोगाने तेही घडले आहे. युद्ध संपल्यावर जावामध्ये मागे राहिलेली काही जपानी विमाने इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आली. २१ जुलै १९४७ ला डचांनी त्यांच्यावर चढाई केली आणि २९ जुलैच्या पहाटे शिकाऊ वैमानिकांनी तीन जुनाट विमाने घेऊन डचांच्या ठाण्यांवर बाँब टाकले. त्यांतले एक हेच होते. तिकडे त्याला ‘गुंतेई’ म्हणतात. योग्याकार्ताच्या संग्रहालयात ते आजही मानाने उभे आहे. त्या पोरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते, आणि वर त्या विमानाला हार घातला असता.

त्याच दिवशी योग्याकार्ताजवळ डच लढाऊ विमानांनी एक डाकोटा पाडले. त्यात औषधे होती. ते बिजू पटनायकांचे, म्हणजे भारतातले. डाकोटानेही महायुद्धात सैनिक वाहिले होते. पण त्याचे पोट मुळात रिकामे. त्यात शिपाई भरा, नाहीतर कुनैन भरा. गुंतेईच्या पोटाला असा पर्याय नव्हता. त्याला फार तर कॅमेरा लावून टेहळणीला पाठवता येई; धनी बदलला, तरी त्याचे काम बदलले नाही.

पटनायक ओरिसाचे, जुन्या कलिंगचे. त्यांच्या विमान कंपनीचे नावही ‘कलिंग’. कलिंग म्हटले की अशोक आठवतो, आणि त्यासाठी आम्हा उत्तर कोकणातल्यांना दूर जावे लागत नाही. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरले की झाले. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. पूर्वीचे राजे मृगयेसाठी यात्रेला निघत, असे आठवा लेख सांगतो. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाकडे गेला आणि यात्रेची धर्मयात्रा झाली. रथ बहुधा तेच, घोडे तेच. यात्रा ही डाकोटासारखी, आत काय भरावे ते राजाने ठरवायचे. पण शिकारीचे बाण त्याने धर्मयात्रेत कशाला वापरले असतील?

कलिंगच्या संहाराचा पश्चात्ताप तेराव्या लेखात आहे. तो गिरनारला कोरला, शाहबाजगढीला कोरला. खुद्द कलिंगात मात्र, धौली आणि जौगडला, तो वगळला. ज्यांची माणसे मेली त्यांच्यासमोर हे शब्द ठेवायला सम्राटाची छाती झाली नसावी, असे मला वाटते. सोपाऱ्यात तो असावा, असा तर्क आहे. अजून जमिनीतून निघालेला नाही.