शेवटी आलेला जिंकतो

संगणकावरच्या खेळाबद्दल स्मरणिकेत लिहितोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "वाचणार कोण? मुलं मराठी वाचत नाहीत आणि मोठी माणसं खेळत नाहीत." बोलणं अगदी रास्त आहे. तरीही ज्यांना अशा खेळांत रस नाही त्यांना विनंती की सुरुवातीचे काही परिच्छेद जरा धीर धरा. पुढे पाणिनी आहे, आणि नाशिकही आहे.

आमचा मुलगा सोळा वर्षांचा. तो बेसमेंटमध्ये बसून 'स्कायरिम' नावाचा खेळ खेळतो. हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ ला आला, म्हणजे मुलगा आणि खेळ जवळजवळ एका वयाचे. इतका जुना खेळ मुलं अजून का खेळतात, याचं उत्तर 'मॉड' या शब्दात आहे. बेथेस्डा या कंपनीनं फेब्रुवारी २०१२ मध्ये 'क्रिएशन किट' नावाचं साधन लोकांना फुकट दिलं आणि मग जगभरच्या हौशी मंडळींनी मूळ खेळात आपापली भर घालायला सुरुवात केली. कोणी नवी गावं वसवली, कोणी हवामान बदललं, कोणी दुकानदारांच्या मालाच्या किमती सुधारल्या. अशी प्रत्येक भर म्हणजे एक मॉड. आमच्या चिरंजीवांच्या खेळात अशा एकशे अठ्ठावीस मॉडची गर्दी आहे. गणेशोत्सवातल्या स्वयंपाकघरासारखं समजा. प्रत्येक जण मदतीलाच आलेला असतो, आणि मीठ दोनदा पडतं.

या खेळात लिडिया नावाची एक योद्धा आहे, नायकाच्या सोबतीला असते. एका मॉडनं तिचा चेहरा नव्यानं घडवला होता. दुसऱ्यानं तिला लढाईत अधिक कुशल केलं होतं. दोन्ही कामं वेगळी, दोघांच्या कर्त्यांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही. पण दोघांनीही हात लावला तो लिडियाच्या एकाच नोंदीला. खेळाचा नियम असा, की एकाच नोंदीवर दोघांनी दावा सांगितला तर यादीत जो शेवटी चढेल त्याची संपूर्ण नोंद घ्यायची. अर्धी याची, अर्धी त्याची असं नाही. चेहऱ्याची फाइल मात्र वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे नोंद एकाची आणि चेहरा दुसऱ्याचा असा प्रकार झाला, आणि लिडियाचा चेहरा काळाठिक्कर पडला. मान गोरी, हात गोरे, चेहरा कोळशासारखा. खेळणाऱ्यांमध्ये हा रोग प्रसिद्ध आहे.

आता कारण शोधायचं कसं? आम्ही आयटीतली माणसं अशा वेळी निम्मे-निम्मे करतो. चौसष्ट बंद, चौसष्ट चालू. रोग ज्या निम्म्यात राहील त्याचे पुन्हा दोन भाग. सात फेऱ्यांत एकशे अठ्ठावीसमधला एक आरोपी सापडायला हवा. मुलानं तेच केलं. पहिल्याच फेरीत पहिले चौसष्ट चालवले, चेहरा स्वच्छ. दुसरे चौसष्ट चालवले, तरीही चेहरा स्वच्छ. "बाबा, धिस इज इम्पॉसिबल, कुणीच गिल्टी नाहीये!" असं ओरडत तो वर आला.

मला त्या वाक्यानं थांबवलं. आपली शोधायची रीतच 'गुन्हेगार एक असतो' असं धरून चालते. दोन मॉड वेगवेगळ्या निम्म्यांत पडले की दोघेही निर्दोष ठरतात, आणि ते खरोखरच निर्दोष असतात. दोष त्यांच्यात नाही, त्यांच्या एकत्र येण्यात आहे. माणसांच्या भांडणात आपण हीच रीत वापरतो. आधी सुनेला बाजूला घेऊन ऐकतो, मग सासूला. दोघींचंही पटतं. मग 'दोघींपैकी एक नक्की खोटं बोलतेय' अशा निष्कर्षाला येतो. दोघी एका ओट्यापाशी उभ्या असताना काय होतं, ते पाहायला कोणी जात नाही.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. मुलानं यादीतला क्रम उलटा केला, चेहऱ्याचा मॉड शेवटी टाकला. चेहरा उजळला, स्वारी खूश! तीन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की लिडिया आता पूर्वीसारखीच दोन घावांत लोळण घेते. लढाईचं सगळं कसब गेलं होतं. कुठलीही सूचना नाही, लाल दिवा नाही. ऑफिसात आम्ही प्रोग्रामरांचे कोड एकत्र करतो तेव्हा दोघांनी एकच ओळ बदललेली असेल तर यंत्र अडून बसतं आणि माणसानं निर्णय दिल्याशिवाय पुढे जात नाही. हा खेळ अडत नाही. शेवटच्याला गादीवर बसवून मोकळा होतो. काळा चेहरा तरी बरा, तो दिसतो. हरलेल्याचं कसब मुकाट्यानं नाहीसं होतं ते जास्त वाईट.

'शेवटी येईल तो जिंकेल' हा नियम न्याय्य आहे का? हा प्रश्न मला त्या आठवड्यात सुटेना. गंमत म्हणजे तो आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जवळजवळ चार हजार सूत्रं आहेत आणि एकाच जागी दोन सूत्रं लागू पडली तर काय, याचं उत्तर त्यानं पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दिलं आहे. परंपरेनं त्याचा अर्थ असा लावला की क्रमानं जे नंतर येतं ते सूत्र चालवावं. म्हणजे हुबेहूब स्कायरिम! (२०२२ मध्ये ऋषी राजपोपट या तरुण अभ्यासकानं केंब्रिजमधल्या आपल्या संशोधनातून मांडलं की तिथे 'नंतरचं' म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारं. सगळ्या पंडितांना ते पटलेलं नाही. पण आमच्या खेळाची नोंदवही उघडली तरी उजवीकडचा रकानाच जिंकतो, हा योगायोग मला मजेशीर वाटतो.)

पण वैयाकरण तिथे थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. नुसत्या क्रमानं चुकीचे शब्द तयार होतात हे दिसल्यावर त्यांनी बळाची उतरंड लावली. अठराव्या शतकात काशीत राहणारे आपले महाराष्ट्रीय नागेशभट्ट यांनी 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात ती नीट मांडली. डेक्कन कॉलेजातले जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही केलं. त्या उतरंडीत 'नंतरचा' नियम सगळ्यांत दुबळा आहे, आणि सगळ्यांत बलवान आहे तो अपवाद. कारण सोपं आहे. सामान्य नियमाला राज्य करायला हजार जागा असतात. अपवादाला एकच जागा असते, ती काढून घेतली तर तो जन्मालाच कशाला आला? आता गंमत पाहा. मॉडचा क्रम लावून देणारं 'लूट' नावाचं एक साधन आहे. दोन मॉड एकमेकांवर चढत असतील आणि क्रम ठरवायला दुसरं काही कारण नसेल, तर ज्यानं जास्त नोंदी बदलल्या त्याला ते आधी टाकतं आणि ज्यानं थोड्याच बदलल्या त्याला नंतर, म्हणजे लहान गिळला जात नाही. ते लिहिणाऱ्यांनी नागेशभट्ट वाचले असतील असं मला वाटत नाही.

तरीही क्रम तो क्रमच. कितीही शहाणपणानं लावला तरी एक जण पूर्ण जिंकतो आणि एक पूर्ण हरतो. खरी सोडवणूक वेगळी आहे, आणि कष्टाची आहे. 'एक्स-एडिट' नावाच्या साधनात ती नोंद उघडायची. डावीकडे मूळ खेळ, मग एकेक मॉड शेजारी शेजारी, आणि खाली बाबवार ओळी. चेहरा, केस, शस्त्रं, ताकद. मग लक्षात येतं की भांडण म्हणत होतो त्यातल्या बहुतेक ओळींत भांडण नाहीच. चेहऱ्याच्या ओळी याच्या घ्यायच्या, ताकदीच्या त्याच्या, आणि दोन्ही मिळून तिसरी छोटी फाइल करायची. तिला पॅच म्हणतात. ती सगळ्यांच्या शेवटी चढते. म्हणजे शेवटचा जिंकतो हा नियम तसाच राहतो, फक्त शेवटी येणारा दोघांचं वाचून आलेला असतो. मुलाला यासाठी एक शनिवार लागला, त्यातला बराचसा वेळ वाचण्यात.

याच काळात नाशिकला आईचे पाय सुजायला लागले. वय शहात्तर. रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची अशा दोन गोळ्या तिला एका डॉक्टरांनी दिलेल्या होत्या, त्या वर्षानुवर्षं चालू. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलं. दोघेही चांगले डॉक्टर, दोघांची औषधं आपापल्या जागी बरोबर. पण ही तीन प्रकारची औषधं एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि रक्तदाबही चढू शकतो. दोघांच्या फायली वेगळ्या. आजार वाढला तसं प्रत्येकानं आपल्या फाइलीत काय चुकतंय ते पाहिलं आणि काहीच चुकत नव्हतं. निम्मे-निम्मे करून पाहणारा माझा मुलगा मला तेव्हा आठवला.

गाठ सापडली ती ताईमुळे. ती गल्लीतल्या औषधवाल्याकडे दोन्ही चिठ्ठ्या घेऊन गेली आणि त्यानं विचारलं, "हे सगळं एकाच पेशंटचं आहे का?" ताई दोन्ही कागद घेऊन आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, ओळीनं वाचले, दोघांनाही फोन केला. वेदनाशामक बंद झालं, त्याऐवजी दुसरा उपाय आला, रक्त तपासून घेतलं. सूज उतरली. यात नवं औषध शोधणारं कोणी नव्हतं. दोघांचं वाचणारं कोणीतरी होतं, एवढंच.

ताईनं तेव्हापासून एक वही केली आहे. तारीख, कोणत्या डॉक्टरांनी काय दिलं, काय बंद केलं, का. मी ही वही फोनवर पाहिली तेव्हा मला तो बाबवार उघडलेला पडदाच दिसला. पण एक फरक मनात राहिला. पॅच एकदा करून भागत नाही. मूळच्या दोघांपैकी कोणीही आपल्या मॉडची नवी आवृत्ती काढली की पॅच शिळा होतो आणि पुन्हा बसावं लागतं. नाव मूळ कर्त्यांचं होतं, पॅच करणारा बहुतेकांच्या लक्षातही नसतो. नाशिकमध्ये डॉक्टर गोळी बदलतात, ताई पुन्हा बसते. आणि ओळखीच्या एका घरात मी पाहिलं आहे, डिसेंबरात इकडून मुलगा तीन आठवड्यांसाठी जातो, डॉक्टर बदलतो, स्वयंपाकाची बाई बदलतो, आईचं जेवण बदलतो आणि जानेवारीत परत येतो. तो शेवटी आला होता, म्हणून त्याचं चाललं. तिथल्या बहिणीनं वर्षभर बसवलेली घडी कुठे गेली हे कोणाला दिसलंही नाही.

सगळ्याच भांडणांवर पॅच निघत नाही, हेही सांगायला हवं. दोन मॉडनी एकाच जागेवर घर बांधलं तर एकाची भिंत दुसऱ्याच्या चुलीतून जाते. तिथे ओळी वाटून घेता येत नाहीत. एक घर ठेवायचं, एक काढायचं. आईनं कुठे राहावं हा आमचा प्रश्न तसलाच होता. इथे ओहायोत आमच्याजवळ, की नाशिकला, जिथे ताई दोन गल्ल्या पलीकडे आहे. सहा महिने इथे, सहा महिने तिथे हा तोडगा अनेक घरं काढतात, पण शहात्तराव्या वर्षी दोन देशांतले डॉक्टर आणि सोळा-सतरा तासांचं विमान म्हणजे आणखी एक मॉड. आम्ही भावंडं दोन महिने एकमेकांना पटवत होतो. यादीचा क्रम खेळणाऱ्यानं ठरवायचा असतो, मॉड बनवणाऱ्यांनी नाही, हे शेवटी आईनंच आम्हाला सांगितलं, तिच्या शब्दांत. "घर माझं, गुडघे माझे, मी इथेच राहणार." विषय संपला.

निर्णय मला योग्य वाटतो. पण जिंकलेली बाजू योग्य होती म्हणून हरलेली पुसून टाकावी, हे मला पटत नाही. एक्स-एडिटमध्ये हरलेला मजकूर जात नाही, लाल अक्षरांत शेजारी दिसत राहतो. नातवाला आजी रोज मिळणार नाही, ही एक लाल ओळ. ताईला यंदाही कुठे चार दिवस बाहेर पडता येणार नाही, ही दुसरी. पहिलीवर माझ्याकडे इलाज नाही. दुसरीसाठी मी ऑक्टोबरात तीन आठवडे जातोय. या वेळी ताई कोकणात जाईल आणि घरात मी असेन, वहीत लिहिलंय तसंच सगळं चालवायचं या अटीवर. अट ताईची आहे.

"आणि तू काही बदलायचं नाहीस हं," ती फोनवर म्हणाली. "बदलावंसं वाटलं तर आधी का चालू आहे ते मागच्या पानावर बघ. तिथे नसेल तर मला फोन कर, मी गणपतीपुळ्यात असले तरी उचलीन."

वहीत सध्या सात औषधं आहेत. सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ते बहुधा थेंब देतील. ताईनं आठव्या ओळीसाठी पान आखून ठेवलं आहे.