अंदाज न लागणारे आकडे

टिटवाळ्याच्या गणपती मंदिराच्या वाटेवरचं एखादं दुकान घ्या. बिलांसाठी लिनक्सवर चालणारा जुना संगणक. अंगारकीच्या पहाटे गिऱ्हाईक दारात उभं आणि पडदा काळाच. डिस्क गेली, रॅम कमी पडते, असे तर्क सुरू होतात. तेवढ्यात कुणी वैतागून कीबोर्डची बटणं बडवतो आणि यंत्र चटकन पुढे सरकतं. दुखणं कुठे आहे ते या बडवण्यातच कळतं.

संगणक मुळात नेमस्त. सुरुवात तीच असेल तर उत्तरही तेच देणार. पण सुरक्षित जोडणीची किल्ली कुणाला ओळखता येऊन चालत नाही. म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बाहेरून अनियमितपणा गोळा करतो. बटण नेमकं कोणत्या क्षणी दाबलं, डिस्कने उत्तराला किती वेळ लावला, हे सगळं त्यात मिसळतं. पुरेसा साठा होईपर्यंत मागणाऱ्या प्रोग्रॅमला तो थांबवून ठेवतो. कर्नलकडे असे आकडे मागण्यासाठी 2014 साली आलेल्या ‘गेटरँडम’ या सिस्टिम कॉलचा नियमच तसा आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये याची गंमत दिसली. लिनक्स 5.3 तयार होत असताना ‘एक्स्ट4’ फाइल व्यवस्थेत डिस्कच्या फेऱ्या कमी करणारी सुधारणा झाली. त्याने वेग वाढायला हवा होता. पण फेऱ्या घटल्या तसा अनियमितपणाही घटला आणि एका लॅपटॉपवर लॉगिनचा पडदा येईचना. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती निर्दोष सुधारणा मागे घेतली. पुढे 5.4 मध्ये प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून कर्नलने स्वतःच साठा भरावा, अशी सोय केली.

मग थांबणंच काढून टाकावं का? मला हे अजिबात पटत नाही. 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या, तेव्हा राउटरसारख्या असंख्य उपकरणांच्या किल्ल्या कच्च्या निघाल्या. सुरू होताच, साठा नसताना त्या घाईने बनवलेल्या होत्या.

तेव्हा यंत्र असं अडलं तर आधी ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘सीआरएनजी इनिट डन’ (साठा तयार झाला) ही ओळ कितव्या सेकंदाला येते ते पाहावं. फार उशिरा येत असेल तर कर्नल नवा करावा. ते जमत नसेल तर साठा भरणारा ‘हॅवजेड’ हा प्रोग्रॅम बसवावा, आणि आभासी यंत्र असेल तर यजमान यंत्राकडून अनियमितपणा आणणारं ‘व्हर्टआयओ-आरएनजी’ जोडावं. मागच्या वेळच्या साठ्यातून डिस्कवर जपून ठेवलेल्या बीजावर मात्र लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा ‘सिस्टिमडी’ आपण होऊन विसंबत नाही, कारण एकाच डिस्कच्या नकला दहा यंत्रांवर चढवल्या तर दहाही यंत्रांकडे तेच बीज असतं.