अधिकउणें तीन मीटर

असत्य बोलूं नये हा नियम आपणां सर्वांस लहानपणींच पाठ होतो. परंतु जें आपण सत्य म्हणून सांगतों, तें आपणांस कितपत ठाऊक आहे हेंही त्याबरोबरच सांगितलें पाहिजे, असें सहसा कोणी शिकवीत नाहीं. हा दुसरा नियम पहिल्याइतकाच बंधनकारक आहे काय, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर एका लहानशा यंत्रानें आणला.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेताचा हद्दीचा दगड पुरांत वाहून गेला. त्याच्या वडिलांनीं हयात असतां त्या दगडाचे अक्षांश-रेखांश जी. पी. एस. यंत्रावर पाहून वहींत टिपून ठेवले होते. धाकट्या भावाशीं वाद नको म्हणून त्यानें आम्हांस आमचें हातयंत्र घेऊन बोलाविलें. 'सर सांगतील तें मान्य,' असें दोघांनींही कबूल केलें. बांधावरील आंब्यांच्या दाट सावलींत आम्ही फिरलों. एके ठिकाणीं आकडे जुळले. त्यांखालीं 'अचूकता ±३ मीटर' अशी ओळ होती. आम्हीं काठी रोंवली आणि म्हटलें, 'दगड येथें होता.' त्या काठीमुळें धाकट्याच्या वहिवाटींतील चार पावलांची पट्टी थोरल्याकडे गेली. धाकटा कांहींच बोलला नाहीं. आम्ही असत्य बोललों नव्हतों. यंत्रानें दाखविलें तेंच सांगितलें होतें. फक्त खालची ओळ वाचून दाखविली नाहीं.

त्या ओळीचा अर्थ काय? सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकडून निघालेल्या रेडिओ-लहरींस पोंचण्यास किती वेळ लागला, यावरून हें यंत्र अंतरें काढतें. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. म्हणून यंत्रांतील साध्या घड्याळाची चूक काढून टाकण्यासाठीं निदान चार उपग्रह लागतात. ते आकाशांत चोहोंकडे विखुरलेले असले तर स्थान नेटकें ठरतें. एकाच बाजूस दाटले असले तर तें अस्पष्ट होतें. ही मांडणी व लहरींतील नेहमींच्या चुकांचा अंदाज, यांवरून यंत्र आपल्याच चुकीचा हिशेब मांडतें. 'तीन मीटर' हा तो हिशेब होय. कोणीं फीत लावून पडताळलेलें तें माप नव्हे.

शिवाय तीन मीटरांची ती मर्यादा म्हणजे कांहीं तटबंदी नव्हे. पुष्कळ यंत्रांत खरें स्थान त्या वर्तुळाच्या आंत असण्याचा संभव निम्मा किंवा सुमारें दोन-तृतीयांश एवढाच धरलेला असतो. तो निम्मा असेल, तर शंभरांत पंचाण्णव वेळां खरें ठरणारें वर्तुळ सहा मीटरांहून थोडें मोठें होतें. आमच्या प्रसंगीं तर नोंदी दोन होत्या, एक वडिलांची व एक आमची. दोहोंची चूक सारखी मानून एकत्र केली, कीं वर्तुळ नऊ मीटरांच्या जवळ जातें. आणि वाद होता चार पावलांचा!

याहून गंभीर गोष्ट ही कीं, यंत्रास आपल्या सर्वच चुका ठाऊक नसतात. पानांतून क्षीण होऊन किंवा भिंतीवरून परतून आलेली लहर त्यास नेहमींच ओळखतां येते असें नाहीं. दहा मिनिटें तोच आकडा दिसला तरी निश्चिंत होऊं नये, कारण तेवढ्या वेळांत चुकीचीं कारणेंही बहुधा तींच राहतात. एकच साक्षीदार दहा वेळां बोलला म्हणून दहा साक्षी होत नाहींत. जुन्या सरकारी नकाशांचें उदाहरण याहून बोलकें आहे. ते एव्हरेस्ट यांनीं १८३० त मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले असून हल्लींचें यंत्र दुसराच आकार गृहीत धरतें. त्यामुळें पश्चिम महाराष्ट्रांत दोहोंत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. यंत्रावर मात्र तें शांत 'तीन मीटर' तसेंच असतें.

कोणी म्हणेल कीं, लोकांस निर्णय हवा असतो. प्रत्येक वाक्यास शंकेचें शेपूट लावल्यास व्यवहार चालणार कसा? आक्षेप खरा आहे, परंतु मोघम शंका निराळी आणि मोजलेली शंका निराळी. कर्नल लॅम्टन यांनीं १८०२ त मद्रासजवळ हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली व १८२३ त हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. दोन कोन मोजल्यावर तिसरा गणितानेंच निघतो. तरी असे मोजणीदार तिसराही कोन मोजीत, तो आपली चूक किती हें कळावें म्हणून. त्या शंकेनें मोजणी थांबली नाहीं. तिच्यामुळेंच ती विश्वासास पात्र झाली. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार या उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम दोष मिसळीत असे, व त्यामुळें सुमारें शंभर मीटरांची चूक संभवे. तेव्हां अशा यंत्रानें बांध ठरविण्याचें कोणाच्या मनांत येतें ना. चूक लहान झाली आणि तिचें भान मात्र सुटलें.

पंधरवड्यानें आम्ही एकटेच त्या शेतावर गेलों. त्याच आकड्यांनीं आम्हांस काठीपासून सात पावलें पलीकडे, थोरल्याच्या शेतांत नेलें. आणि खालीं पुनः 'तीन मीटर' होतेंच. दोघां भावांस बोलावून आम्हीं सर्व समजावून दिलें, काठी उपटली आणि सरकारी मोजणी मागविण्यास सांगितलें. धाकट्यानें शांतपणें विचारलें, 'सर, हें त्या दिवशीं आपणांस ठाऊक नव्हतें का?'

ठाऊक होतें. वर्गांत आम्ही तें दरवर्षीं शिकवितों. परंतु दोन माणसें आपल्या शब्दाची वाट पाहत उभीं असतां 'सुमारें' हा शब्द उच्चारणें आम्हांस कमीपणाचें वाटलें. आमच्या मौनांत यंत्राचा दोष कांहींच नव्हता. त्यानें आपल्या परीनें चूक कबूल केली होती. ती कबुली आम्हीं दडविली, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या जमिनींतून दिली. पहिला नियम मोडला नाहीं, एवढेंच समाधान आम्हांस उरलें. आणि तें पुरेसें नाहीं.