दुरुस्ती शेवटच्या फोनापर्यंत

फोनमधल्या सुरक्षेची दुरुस्ती नेमकी कधी पूर्ण होते? अभियंता सदोष ओळी बदलतो त्या दिवशी, की बदललेल्या ओळी शेवटच्या फोनात जाऊन बसतात त्या दिवशी? पहिल्या दिवसाची बातमी होते, दुसऱ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातून पाहिले तर खरा प्रश्न त्या दुसऱ्या दिवसाचाच आहे.

जोयडा विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा, अणशी, कॅसलरॉक ही गावे, आणि मधे काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान. कित्येक वाड्यांवर रेंज पकडायला चढावर जावे लागते. तरीही गोव्यात कामाला गेलेला मुलगा आईच्या खात्यावर पैसे पाठवतो तो फोनवरूनच. ही देवघेव वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती एन्क्रिप्शनने, म्हणजे किल्लीशिवाय उलगडणार नाही अशा रूपात, बंदिस्त केलेली असते. हे काम बँकेचे ॲप एकट्याच्या बळावर करत नाही. त्याच्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम पक्की असेल तरच ॲपचा शब्द खरा.

या बंदोबस्तातली सर्वांत गाजलेली भेग ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिचे नाव हार्टब्लीड. ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जोडणी चालू आहे ना, हे विचारण्याची एक सोय होती. एका संगणकाने थोडा मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची आणि दुसऱ्याने तोच मजकूर परत करायचा. कुणी चार अक्षरे पाठवून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ असे सांगितले, तर समोरचा संगणक मोजून पाहत नसे. ती चार अक्षरे आणि पुढे स्मृतीत जे पडलेले असेल ते सगळे तो देऊन टाकी. त्यात लोकांचे पासवर्ड असत, कधी खुद्द गुप्त किल्लीही असे. मार्च २०१२ पासून दोन वर्षे हे दार उघडे होते. दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची होती: सांगितलेली लांबी आणि आलेला मजकूर जुळत नसेल, तर विचारणा टाकून द्यायची.

इतकी साधी चूक दोन वर्षे का टिकली? जगातल्या बड्या कंपन्या हे सॉफ्टवेअर फुकट वापरत होत्या, पण ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस एकच होता आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलरच्या होत्या. याउलट जोयड्यातलेच उदाहरण घ्या: जुने सुपा गाव पोटात घेऊन गणेशगुडीला उभे राहिलेले सुपा धरण बांधून झाले म्हणून तिथली देखरेख संपली नाही. पाझर मोजणे, दरवाजे तपासणे हे धरण असेपर्यंतचे काम, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर बँका उभ्या आहेत, त्याच्या देखरेखीसाठी मात्र हार्टब्लीडची नामुष्की व्हावी लागली. त्यानंतर कुठे लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने कंपन्यांनी पैसे काढले.

हा झाला दुरुस्तीचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा अधिक अवघड आहे. हार्टब्लीडपासून बहुतेक अँड्रॉइड फोन बचावले, पण ४.१.१ ही आवृत्ती सापडली. गूगलने आपले सर्व्हर स्वतः दुरुस्त केले. या फोनांची दुरुस्ती मात्र त्याने फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या हवाली केली, आणि पुढे ती ज्याच्या-त्याच्या फोनात पोचवणे कंपनीच्या मर्जीवर राहिले. जुने फोन किती मागे राहतात, ते २०२० मध्ये पुन्हा दिसले. संकेतस्थळांना सुरक्षेची प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने सांगितले, की ७.१ पूर्वीच्या आवृत्तीवर चालणारे अँड्रॉइड फोन ३३.८ टक्के आहेत आणि संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र त्यांना ओळखता येणार नाही. संस्थेने पळवाट काढून ती वेळ निभावून नेली, पण फोन होते तिथेच राहिले.

दुरुस्ती पोचली नाही तर काय होते, ते मुंबईजवळ दिसले आहे. विंडोजमधली एक भेग मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी बुजवली. मेमध्ये वॉनाक्राय हा संगणक-विषाणू त्याच भेगेतून शिरला. २७ जूनला आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या विषाणूच्या वाटांपैकी एक तीच होती, आणि जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल त्याने ठप्प केले.

‘लोकच अपडेट करत नाहीत’ हे उत्तर ठरलेले आहे. जोयड्यातल्या आईचा फोन मुलाने वापरून झालेला असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती काही वर्षांपूर्वीची असते, आणि तपासायला बटण दाबले तर फोन सांगतो, ‘तुमची सिस्टीम अद्ययावत आहे.’ कंपनीने हात काढून घेतला आहे, हे तिला कुणीच सांगत नाही. अशा बाईला निष्काळजी म्हणणे अन्याय आहे.

घाईची दुरुस्ती घातक ठरू शकते, हा आक्षेप मात्र खरा आहे. २००६ मध्ये डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओपनएसएसएलमधून एका तपासणी-साधनाची तक्रार मिटवण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या. परिणामी किल्ल्यांच्या शक्यता जवळपास ३२ हजारांवर आल्या, आणि ते उघड व्हायला मे २००८ उजाडला. म्हणून दुरुस्ती पारखूनच सोडावी. पण पारखायला माणसे आणि पैसे लागतात. आक्षेपाचा रोख शेवटी देखरेखीच्या खर्चाकडेच वळतो.

तेव्हा मागणी नेमकी करू या. सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे किमतीइतक्याच ठळकपणे फोनच्या खोक्यावर छापले जावे. ब्रिटनमध्ये किमान मुदत जाहीर करणे २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले. त्या हक्कात सुट्या भागांबरोबर सुरक्षेचे अपडेटही धरले जावे. ते भल्यामोठ्या नव्या आवृत्तीपासून वेगळे, लहान असावे आणि रेंज गेली तर राहिले तिथून पुढे उतरावे. आणि मुक्त सॉफ्टवेअरवर कारभार चालवणाऱ्या सरकारांनी त्याच्या देखरेखीसाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवावा. व्यवहार ऑनलाइनच करा, असा आग्रह शासन आणि बँका धरतात. मग कुंभारवाड्यातला फोन सुरक्षित ठेवणे हेही त्यांचेच कर्तव्य ठरते, आणि ते पार पडेपर्यंत कोणतीही दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.